ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिकेत नोकरी करताय? मग मोबाईलवर काय टाकायचं आणि काय नाही ते वाचा

बायोमध्ये "मतं वैयक्तिक आहेत" असं लिहून ठेवलंत तरी आपल्या कोकणात त्याचा फारसा उपयोग होत नाही हे आधी डोक्यात घ्या. मुंबईत चालत असेल, तिथे शेजारच्या दाराला माहीत नसतं हा माणूस कुठे कामाला जातो. इथे चाळीस घरांची वाडी, त्यातल्या निम्म्या घरांना तुम्ही कधी ना कधी दाखला दिलेला, घरपट्टीची पावती फाडलेली, नायतर कोणाचा अर्ज अपुरा म्हणून परत पाठवलेला. तुम्ही रात्री साडेदहाला अंथरुणात पडून एखाद्या पोस्टला अंगठा दिलात की सकाळी एसटी स्टँडवर बोलणं सुरू, "ग्रामसेवकान लाईक केल्यान हा, म्हंजे कायतरी आसतलाच". आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे आणि ग्रामसेवक २४ तास ग्रामसेवकच असतो.

मी सिंधुदुर्गात पंचायत समितीत २२ वर्षं टेबलावर काम करते. नवीन भरती झालेली मुलं-मुली येतात, हुशार असतात, मोबाईल आमच्यापेक्षा दहापट चांगला वापरतात, पण कुठली गोष्ट आपली आणि कुठली आपली नाही हे त्यांना कोणी बसवून सांगत नाही, डायरेक्ट कारणे दाखवा नोटीसच हातात पडते. म्हणून हे सगळं लिहून काढलंय.

कुठले नियम लागतात ते आधी

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ लागतात आणि झेडपीवाल्यांना जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम १९६७. दोन्ही स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे त्यात वर्तमानपत्र आणि आकाशवाणी सापडते, इन्स्टाग्राम नाही, आणि बरेच जण तेवढ्यावरच म्हणायचे की सोशल मीडियाला नियमच नाही. तो प्रश्न आता उरला नाही. सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ ला यावर शासन निर्णय काढलाय आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. कंत्राटी, प्रतिनियुक्तीवरचे, एजन्सीतर्फे आलेले, सगळे त्यात आले. "मी काय परमनंट नाही, मला काय होणार" असं म्हणणारा डेटा ऑपरेटर प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो, त्याला हे आवर्जून दाखवा.

त्यात काय आहे ते साध्या भाषेत सांगते. ऑफिसचं खातं वेगळं आणि स्वतःचं खातं वेगळं ठेवायचं. सरकारने बंदी घातलेलं अ‍ॅप वापरायचं नाही. स्वतःच्या खात्यावर प्रोफाईल फोटो सोडून बाकी फोटो-रील-व्हिडिओ टाकताना पदनाम, शासनाचा लोगो, गणवेश, सरकारी गाडी, सरकारी इमारत हे सगळं टाळायचं. योजनांची अधिकृत प्रसिद्धी ज्याला नेमलंय त्यानेच करायची. टीमने मिळून केलेल्या कामाबद्दल लिहायला हरकत नाही पण त्यातून स्वतःची वाहवा होता कामा नये. गोपनीय कागद परवानगीशिवाय अपलोड करायचा नाही. द्वेष पसरवणारं, बदनामी करणारं, भेदभाव करणारं काही लिहायचं नाही आणि शासनाच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. मोडलंत तर शिस्तभंगाची कारवाई होते.

गाडीचं आणि इमारतीचं वाचून मुलं नाराज होतात. मला मात्र ते पटतं. जीपच्या बॉनेटला टेकून मागे गाणं लावलेली रील ज्या माणसाने बघितली, तो दुसऱ्या दिवशी कौलं उडाल्याचा अर्ज घेऊन तुमच्यासमोर उभा राहणार असतो, त्याला तुमच्याबद्दल काय वाटेल याचा विचार करा.

लोकांचे कागद तुमचे नाहीत

सगळ्यांना भीती असते ती सरकारविरुद्ध लिहिण्याची. मला विचाराल तर आपल्याकडून सर्वात जास्त नुकसान तिथे होत नाही, ते होतं लोकांची माहिती ग्रुपवर टाकून, आणि तेही चांगल्या हेतूने.

माझ्याच हातून झालेलं सांगते. मे २०२१ चं तौक्ते वादळ गेलं, पंचनामे झाले, मदतीची यादी तयार झाली. फोनवर फोन येत होते, आमचं नाव आहे का, आमचं नाव आहे का. लाईट दोन-तीन दिवस नव्हती, नेटवर्क मधेच यायचं मधेच जायचं. मी म्हटलं प्रत्येकाला कुठे सांगत बसू, स्क्रीनवरच्या यादीचा मोबाईलने फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिला. तिथून तो मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे कुठे. यादीत नावासमोर बँकेचा खाते नंबर होता, मोबाईल नंबर होता, आधारचे आकडे होते. आठवड्याने एक वयस्कर काकी ऑफिसात आल्या, एकट्याच राहतात, मुलगा बोटीवर. "गे ताई, माका फोन इलेलो, मदत जमा करतव म्हणा होतो, त्याका माझो खातेनंबर आधीच म्हायत व्हतो". खाते नंबर बरोबर सांगितला म्हणून त्यांना तो माणूस खरा वाटला आणि त्यांनी ओटीपी दिला. रक्कम कोणाला मोठी वाटणार नाही, पण त्यांच्या खात्यात तेवढेच होते. तो माझाच फोटो फिरत गेला होता की नंबर दुसरीकडून कुठून बाहेर पडला हे कोणीच सांगू शकणार नाही, पण तेव्हापासून मी कुठलीही यादी ग्रुपवर टाकलेली नाही.

तर यादी द्यायची कशी? लोकांना माहिती मिळालीच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे, माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे आणि ऑफिसने बरीचशी माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. पण लाभार्थी कोण हे सांगणं वेगळं आणि त्याचा आधार नंबर सांगणं वेगळं. आधार कायद्यातच लिहिलंय की कोणाचाही आधार नंबर जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून नोटीस बोर्डावर लावायची, ग्रामसभेत वाचायची. ऑफिसच्या खात्यावरून टाकायची साहेबांची परवानगी असेल तर एक्सेल उघडून आधी खाते, मोबाईल, आधार, जात, आजार हे कॉलम डिलीट करायचे, मग पीडीएफ बनवायची. कॉलम नुसता हाईड करून पाठवू नका, समोरचा दोन सेकंदात अनहाईड करतो. आणि स्क्रीनचा फोटो कधीच नको, कारण कडेला अजून काय काय उघडं आहे ते आपल्या लक्षात येत नाही.

घाईत न दिसणाऱ्या बऱ्याच जागा आहेत. वाढदिवसाचा केक कापतानाचा फोटो, मागे टेबलावर नस्ती उघडी आणि त्यावर कोणाचा तरी तक्रार अर्ज, झूम केलं की सही वाचता येते. घरकुलाच्या किंवा शौचालयाच्या कामाचा फोटो शासनाच्या अ‍ॅपवर लोकेशनसकट चढवावा लागतो, तो तिथेच राहू दे, तोच फोटो स्टेटसला "अजून एक काम पूर्ण" म्हणून टाकलात तर त्या बाईला आपल्या शौचालयासमोर उभं करून तुम्ही चारशे लोकांना दाखवलंत, तिला विचारलं होतंत का? आवक टपालातली तक्रार तर अजिबात बाहेर काढायची नाही. वाडीत पाण्यावरून भांडण आहे, कोणीतरी विश्वासाने लिहून दिलंय, त्याचा फोटो तुम्ही फक्त एका मित्राला पाठवलात तरी संध्याकाळपर्यंत ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्या दारात तो पोचतो.

शाळा आणि अंगणवाडीवाल्यांनी जास्त जपा. मुलांचा नाच, परसबाग, खिचडी, हे सगळं गोड दिसतं, पण आईवडिलांना न विचारता मुलाचा चेहरा, नाव, गाव एकत्र टाकू नका. आणि एखादं मूल पोलीस केसमध्ये असेल, अत्याचार झालेलं असेल, तर नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये, बाल न्याय कायदा आणि पोक्सो दोन्हीत तो गुन्हा आहे. "फलाण्या वाडीतली सहावीतली मुलगी" एवढं लिहिलं तरी आपल्याकडे ओळख पटते, गाव लहान आहे.

पाऊस, वादळ आणि फॉरवर्ड

जून ते सप्टेंबर आपला मोबाईल आणि सरकारी नोकरी यांची खरी परीक्षा. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडच्या तळीये गावावर दरड आली. हे सगळं लोकांच्या मनात ताजं आहे, त्यामुळे पाऊस वाढला की "धरणाचं पाणी सोडलं, पळा" असा मेसेज आला तर माणूस विचार करत नाही, म्हाताऱ्या आईला उचलतो आणि अंधारात बाहेर पडतो. तोच मेसेज शिक्षकाने, ग्रामसेवकाने, आरोग्य सेविकेने पुढे ढकलला असेल तर त्याला सरकारचा शिक्का लागल्यासारखं होतं. खोटी घाबरवणारी सूचना पसरवणं आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

करायचं काय ते सोपं आहे. मेसेज आला की आधी तहसीलच्या नाहीतर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन, जिल्ह्याचा नंबर १०७७. खात्री झाली तरच पुढे, आणि पुढे पाठवताना तारीख, वेळ आणि कोणी सांगितलं हे वर लिहायचं, कारण कालचा रेड अलर्ट आज फिरत राहतो आणि मच्छीमार बोट काढायची की नाही या विचारात बसतो. खात्री होत नसेल तर पाठवू नका, पण ग्रुपवर गप्पही राहू नका, "विचारलंय, कळलं की सांगते" एवढं लिहा. लोकांना तेवढ्यानेही धीर येतो. आणि पुराच्या पाण्यात उभं राहून सेल्फी, मृतदेहाचे फोटो, रडणाऱ्या नातेवाईकांचे व्हिडिओ, हे आपल्या हातून होताच कामा नये, याला नियम बघायची सुद्धा गरज नाही.

आपल्याच गावावर प्रकल्प येतो तेव्हा

हा भाग लिहायला मला सगळ्यात अवघड जातोय. राजापुरात नाणारच्या रिफायनरीवरून झालं, मग २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच बारसूला माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. अशा ठिकाणी सरकारी कर्मचारी परग्रहावरून आलेला नसतो, त्याचीही कलमं असतात, भावाची जमीन असते, बायकोचं माहेर तिथे असतं. त्याला मत असणारच. पण नियम सांगतो धोरणावर प्रतिकूल टीका नको.

नोकरी लागली म्हणून बोलण्याचा हक्क अगदीच संपत नाही, हे कोर्टानेही म्हटलंय. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने मत्स्य विभागातल्या एका महिला कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सांगितलं की सरकारी नोकरालाही अभिव्यक्तीचा हक्क आहे, मात्र वर्तणूक नियमांच्या मर्यादेत. पण तो निकाल मिळेपर्यंत निलंबन आणि चौकशी यातून त्या बाईंना जावं लागलंच ना. म्हणून मी मुलांना सांगते की फेसबुकवर बोलू नका, जिथे कागद राहतो तिथे बोला. जमीनमालक म्हणून हरकत घ्यायची मुदत असते, तिथे लेखी हरकत द्या. मतदार म्हणून ग्रामसभेत बसा. नोकरीतल्या गोष्टी, म्हणजे पगार, बदली, जुनी पेन्शन, या संघटनेतर्फे मांडा, तुमच्या वॉलवर "साहेब असे आणि साहेब तसे" लिहून एकाचाही पगार वेळेवर झालेला मी बघितला नाही. आणि भ्रष्टाचार दिसला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे, तिथे तक्रार होते, पोस्ट टाकलीत तर ज्याला पकडायचं तोच आधी सावध होतो.

आणखी एक, फॉरवर्ड केलेलं कार्टून, हसण्याची इमोजी, शेअर, हे "मी लिहिलं नव्हतं" म्हणून सुटत नाही. चौकशी अधिकाऱ्यासमोर स्क्रीनशॉटमध्ये तुमचं नाव दिसतं आणि तेवढं त्याला पुरतं.

निवडणूक

इथे वाद घालायला जागाच नाही. चुलतभाऊ उभा असो नाहीतर सख्खी वहिनी, कर्मचाऱ्याने प्रचार करायचा नाही, स्टेटसला निशाणी नाही, रॅलीचा फोटो नाही, "आपल्या माणसाला निवडून आणूया" नाही. प्रचाराच्या ग्रुपवर कोणी अ‍ॅड केलं तर लगेच बाहेर पडा, बाहेर पडल्याची ओळ ग्रुपवर दिसते ती तुमच्याच कामाची असते. इलेक्शन ड्युटी लागली तर केंद्राच्या आतले फोटो, मतदार यादीचे फोटो, "आमच्या बूथवर अमक्याला जोर आहे" असले मेसेज हे सगळं बंद.

आंब्याची पेटी, होमस्टे, यूट्यूब

मार्च लागला की आपल्याकडे प्रत्येकाच्या स्टेटसला आंबा असतो आणि तो विकायला असतो. घरची बाग आहे त्यात लाज कसली, पण नोकरीत असताना खाजगी धंदा करायला परवानगी लागते आणि घरातलं कोणी धंदा करत असेल तर ते ऑफिसला कळवायचं असतं. नवऱ्याच्या नावावर होमस्टे आहे तर लेखी कळवून ठेवा, एक अर्ज, एक पोच, संपलं. यूट्यूबवर कोकणातलं जेवण नाहीतर समुद्र दाखवून पैसे मिळायला लागले तर तेही आधी विचारून. हे कोणी करत नाही मला माहीत आहे, पण तक्रार झाली की पहिला प्रश्न हाच येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घेणारा कोण आहे ते बघा. ज्या ठेकेदाराचं बिल तुमच्या टेबलावर पडलंय त्याने तुमच्या स्टेटसला रिप्लाय देऊन दहा पेट्या मागवल्या तर नाही म्हणा, भाव बाजाराचा असला तरी नाही म्हणा. उद्या बिल नियमाप्रमाणे काढलंत तरी लोक आंबेच मोजणार. सोपा उपाय, ऑफिसच्या कामाचे नंबर आणि घरचे नंबर वेगळ्या फोनवर ठेवा, जमत नसेल तर स्टेटसची प्रायव्हसी सेट करून ठेकेदार, सदस्य, लाभार्थी यांना त्यातून वगळा. दहा मिनिटांचं काम आहे, आजच करा.

ग्रुप सांभाळताना

गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन शक्यतो होऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, पण ते फौजदारीचं झालं, ऑफिसात साहेब विचारणारच की तुम्ही बघत असताना काय केलंत. कामाचा ग्रुप असेल तर त्यावर कामच, गुड मॉर्निंग, देवाचे फोटो आणि पक्षाचे व्हिडिओ नको, आणि "ओन्ली अ‍ॅडमिन" ठेवलात तर डोकं शांत राहतं.

आशाताई, अंगणवाडी सेविका, नवीन लागलेल्या मुली यांच्या पर्सनल नंबरवर रात्री मेसेज करणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, काम असेल तर दिवसा आणि ग्रुपवर. डीपीवर कमेंट, गाणी, "झोपली नाहीस का" हा लैंगिक छळ धरला जाऊ शकतो, २०१३ चा कायदा आहे आणि अंतर्गत समिती आहे. मुलींनो, असे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि समितीकडे लेखी द्या.

चुकून टाकलंच तर

लगेच "डिलीट फॉर एव्हरीवन" करा, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला साधारण दोन दिवसांची मुदत असते, पण कोणीतरी तोपर्यंत सेव्ह केलेलं असणार हे धरूनच चाला. म्हणून त्याच दिवशी साहेबांना स्वतःहून लेखी कळवा, काय गेलं, कुठे गेलं, किती वाजता, काय केलं. नंतर नोटिशीला उत्तर देण्यापेक्षा आधी दिलेलं पत्र कधीही बरं. लोकांचे बँकेचे तपशील गेले असतील तर त्या लोकांना फोन करून सांगा, लाज वाटली तरी सांगा, की कोणी फोन केला तर ओटीपी देऊ नका, आणि पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, १९३० वर, ताबडतोब फोन करायला लावा, जितक्या लवकर फोन तितकी रक्कम अडकवायची शक्यता जास्त. मी त्या काकींच्या वेळी हे काहीच केलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

बदली झाली की ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड, त्याला जोडलेला मोबाईल नंबर आणि ईमेल हे चार्जच्या यादीत लिहून द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या, जशी आपण कपाटाच्या चाव्यांची घेतो. ग्रामपंचायतीचं पेज आधीच्या ग्रामसेवकाच्या खाजगी नंबरवर आणि तो बदलून दुसऱ्या तालुक्यात, हे मी तीन ठिकाणी बघितलंय. जुन्या गावाच्या ग्रुपमधून एक नमस्काराचा मेसेज टाकून बाहेर पडा, नवीन माणसाचा नंबर तिथे द्या, आणि मग मोबाईलच्या गॅलरीत बसून त्या गावचे जितके अर्ज, याद्या, रेशनकार्डं, पासबुकांचे फोटो साठलेत ते एकेक करून काढून टाका, बॅकअपमधून पण. मला मागच्या मे मध्ये दोन संध्याकाळी लागल्या.